वरचा वारा

स्टॉकहोम, ५ फेब्रुवारी १९७३

प्रिय योरुन मावशी,

तू पाठवलेला सुका कॉड अजून गॅलरीत टांगलाय आणि शेजारीण जिन्यात भेटली की मला नाक दाबून दाखवते. पण आज त्यासाठी लिहीत नाहीये. काम आहे. काम असलं की आधी गोडगोड बोललेलं तुला आवडत नाही, म्हणून सरळच लिहिते.

शरदात तुमच्या तळावरून आमचं रॉकेट गेलं, त्याच्यासाठी वाऱ्याचा हिशेब तूच काढला होतास. त्यात पोस्टाच्या तिकिटाहून लहान जाळ्या होत्या. उल्का जळून जातात त्यांचा धूर वर, पंच्याऐंशी किलोमीटरवर तरंगत असतो असं म्हणतात. त्या धुराचे कण पकडायचे, जाळीवर झाकण बसवायचं, समुद्रात पडलं की बोटीनं उचलायचं आणि इथे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बघितलं. जाळ्या कोऱ्या करकरीत! प्रोफेसर हेडलुंड म्हणाले, "रिकाम्या म्हणजे वर काही नाही. मिटला प्रश्न." आता तसंच दुसरं रॉकेट या महिन्यात उडणार. ते शेवटचं. तेही रिकामं आलं की "वर धूर नाही" असा लेख ते छापणार. त्यांच्यासारख्यानं एकदा छापलं की मग या धुरासाठी कुणी रॉकेट देणार नाही, आणि माझा सगळा प्रबंध त्याच धुरावर उभा आहे.

पण मावशी, मला वाटतं वर धूर आहे, आपल्यालाच तो पकडता आला नाही. गाडी चालवताना बघ. गारा असल्या की काचेवर ताडताड आपटतात. पण भुरभुर हिम काचेपाशी येतं आणि वरच्या वर निसटतं, काचेला शिवतसुद्धा नाही. काचेपुढची हवा बाजूला सरते आणि हलक्या हिमाला हाताला धरून घेऊन जाते. आमची जाळी रॉकेटच्या रुंद, सपाट कपाळावर बसवलेली आहे. त्या कपाळापुढे हवा तुंबते, कडेनं वळते आणि बारीक कण तिच्यासोबत वळून जातात. जाळी पार पुढे, बारीक दांड्याच्या टोकावर बसवली तर हवेला तुंबायला फारशी जागा राहणार नाही. तसं टोक मी इथल्या वर्कशॉपमध्ये करून घेतेय. ते मार्च उजाडल्याशिवाय होत नाही आणि तुमचं उड्डाण तर वीस तारखेपासून केव्हाही.

तर विचारायचं एवढंच, की फेब्रुवारीत तिकडे वाऱ्यापायी उड्डाणं किती लांबतात गं?

तुझी,
इल्वा

ह्वालनेस, १० फेब्रुवारी

इल्वा,

"किती लांबतात गं" म्हणे! ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड तुझ्या आईचीच. लहानपणी ओसेला वॅफल हवं असलं की ती मला विचारायची, "ताई, चूल पेटली का गं?"

लांबतात. कधी एक दिवस, कधी आठवडा. पण ते वारा ठरवतो, मी नाही. रॉकेटला सुकाणू नसतं हे तुला माहीत आहे. सुटलं की ते वाऱ्याच्या दिशेनं नाक वळवतं. म्हणून मी फुगा सोडायचा, तो वर कसकसा सरकतो ते बघायचं आणि रॉकेट किती वळेल ते काढून आधीच उलट बाजूला झुकवायचं. वारा सारखा बदलत असला तर मी "थांबा" म्हणते. मग सगळे थांबतात. सोल्बाकसाहेब तळाचे मुख्य, पण माझ्या "थांबा"पुढे तेही कॉफी पीत बसतात.

आणि नुसते तेच थांबत नाहीत. सध्या कॉडचा ऐन हंगाम आहे. गावात जिकडेतिकडे काळीज आणि गाबोळी शिजतेय, पोरंबाळं शाळेला दांड्या मारून धक्क्यावर कॉडच्या जिभा कापतायत. आणि रॉकेट पडायची जागा नेमकी चांगल्या मासळीच्या भागात. उड्डाण होईपर्यंत तिकडे बोट न्यायला बंदी. मी "सोडा" म्हटलं की दुपारी समुद्र मोकळा, मी "थांबा" म्हटलं की दुसऱ्या दिवशीही बोटी धक्क्याला. पेडर-आंतोन, आपल्या खालच्या आळीतला बोटवाला, तोंडानं फाटका माणूस आहे. पण माझ्या शब्दावर तोही गप उभा राहतो. म्हणतो, "योरुन म्हणते वारा आहे, म्हणजे आहे."

एक मात्र सांग. तू हवा तुंबते म्हणतेस. पण तेवढ्या उंचीवर हवा असते कुठे? माझा फुगा त्याच्या अर्ध्यावर जायच्या आत फुटतो. ज्या हवेत काडी पेटायची नाही ती कणाला काय ढकलणार? मला उगीच शेंडी लावू नकोस.

सुका कॉड भिजत घाल आणि खा. गॅलरीत टांगायला ती काय शोभेची वस्तू आहे?

योरुन मावशी

स्टॉकहोम, १४ फेब्रुवारी

मावशी,

तुझा प्रश्न प्रोफेसरांनीही विचारला होता, अगदी याच शब्दांत, फक्त शेंडी सोडून! तर ऐक.

हवा विरळ आहे, खरं. पण कणही तसाच आहे. चुलीतली काजळी घे, तिचा एक कण घे, आणि त्याचे हजार तुकडे कर. एवढ्या हलक्याला ढकलायला जोर कशाला लागतो? आणि रॉकेट कसं जातं? आवाजाच्या तिप्पट वेगानं. पुढच्या हवेला "सरका" म्हणायलाही वेळ मिळत नाही. मग ती कपाळापुढे दाटते. विरळ हवाही तिथे दाट होते, तापते आणि कडेनं पळते. मोठा कण असेल तर तो त्या दाटीतून घुसून जाळीवर आपटतो. बारीक कण हवेसोबत वळतो. आपल्याला पाहिजेत ते बारीकच. म्हणजे आपणच पंख्यानं माशा उडवायच्या आणि मग म्हणायचं की माशा नाहीत.

मी हे गणित महिनाभर घासलंय. काल प्रोफेसरांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, नाही असं नाही. मग म्हणाले, "आराखड्यावर सही झालेली आहे. रॉकेट तळावर पोचलंय. एका मुलीच्या शंकेपायी मी उड्डाण लांबवणार नाही." झालं! एक घाव, दोन तुकडे.

म्हणून आता आडपडदा न ठेवता मागते. मावशी, तू मार्च लागेपर्यंत "थांबा" म्हण. वारा असो वा नसो. तुझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, तूच लिहिलंस. थोडेच दिवस. टोक तयार झालं की मी स्वतः पाठवते, मग प्रोफेसरांशी काय भांडायचं ते भांडेन. पण रॉकेट एकदा गेलं की भांडायलाही काही उरत नाही.

माझा जीव टांगणीला लागलाय. उत्तर लगेच दे.

इल्वा

(पोस्टकार्ड)

ह्वालनेस, १९ फेब्रुवारी

इल्वा, पत्र पोचलं. हवेचं वाचलं. रॉकेट थांबवायला आनलेदनिंग नाही. घाईत आहे, फुगा सोडायचाय. योरुन.

स्टॉकहोम, २२ फेब्रुवारी

योरुन मावशी,

तुझं कार्ड मिळालं. कार्ड! एवढ्या मोठ्या पत्राला एक ओळ, आणि तीही अशी. आनलेदनिंग नाही! थांबायला काही कारणच दिसत नाही तुला? महिनाभराचं गणित मी पोळपाट-लाटण्याइतकं सोपं करून तुझ्यापुढे मांडलं, आणि तुला त्यात एकही कारण सापडलं नाही?

नाही म्हणायचं होतं तर "मी खोटं बोलणार नाही" असं म्हणायचं. ते मी ऐकून घेतलं असतं. पण "कारण नाही" म्हणजे माझं गणितच खोटं. प्रोफेसर म्हणाले ते मी गिळलं, ते परके. तू आईची बहीण. आई गेल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवणारी तूच होतीस. मला खूप लागलं, मावशी. ऑफिसात बसून रडले आणि मग उठले.

उठले आणि सोल्बाकसाहेबांना पत्र टाकलं. सगळं लिहिलं. मार्च लागेपर्यंत वाऱ्याचं निमित्त करून उड्डाण थांबवा म्हटलं. वारा बघणारी माझी मावशीच आहे, तुम्ही सांगितलंत तर ती तसा वारा काढून देईल, हेही लिहिलं. तुला न कळवता केलं असं नको म्हणून कळवते.

इल्वा

ह्वालनेस, २७ फेब्रुवारी

इल्वा,

हे पत्र बसून, नीट वाच. मी दोनदा लिहून फाडलंय.

आधी तो शब्द. तुमच्या स्वीडिशमध्ये आनलेदनिंग म्हणजे कारण. आमच्या नॉर्वेजियनमध्ये आनलेदनिंग म्हणजे वाव, संधी, सोय. मी लिहिलं की थांबवायला मला वाव नाही. वारा त्या दिवशी लोण्यासारखा मऊ होता, मी कुठल्या तोंडानं थांबवू? तुझं गणित मला पटलं होतं. चुलीच्या काजळीचं पत्र मी सोल्बाकच्या बायकोलाही वाचून दाखवलं, आमची इल्वा बघा किती शहाणी म्हणून. आणि तू स्टॉकहोमात बसून माझ्या नावानं रडलीस! तुझी आई लग्न करून तिकडे गेली तेव्हा अशाच शब्दांवरून सासूशी तिचे खटके उडायचे. आम्ही दोन्ही देशांतले लोक एकमेकांचं सगळं कळतं अशा गुर्मीत असतो, आणि तिथेच तोंडघशी पडतो.

आता पुढचं ऐक. वीस तारीख रॉकेट चढवण्यात गेली आणि एकवीस तारखेला वारा फिरला. खाली नाही, वर. खाली समुद्र ताटासारखा, धुराड्याचा धूर सरळ वर. आणि डोंगरमाथ्यावरून फुगा गेला की असा फेकला जायचा, की कधी उत्तरेला, कधी पूर्वेला. मी "थांबा" म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. खाली बोटवाले धक्क्यावर उभे, समोर काचेसारखा समुद्र, त्यात कॉडची झुंबड, आणि मी म्हणतेय वारा आहे! तरी कुणी चकार शब्द काढला नाही. पेडर-आंतोन नुसता थुंकायचा आणि परत जायचा.

मग तुझं पत्र आलं. सोल्बाकनं ते सकाळच्या बैठकीत सगळ्यांपुढे वाचलं. "तसा वारा काढून देईल." वाचताना त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "योरुन, आता मी काय समजू?" मी म्हटलं, "वारा आहे." म्हणाला, "हो, तुझ्या भाचीनं मागवलाय तसाच." कुणीतरी फिसकन हसलं.

दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. दुकानात मी पावाला हात घातला तर पेडर-आंतोन मोठ्यानं म्हणाला, "यांच्या घरात वारा पोस्टानं येतो वाटतं." सगळे हसले. मी हसले नाही. फुग्यावर डोळाही माझाच आणि आकडे लिहिणारी पेन्सिलही माझीच, तर मी साक्षीला कुणाला आणू? ज्याला आपला शब्द खरा करायला आपल्याच शब्दाचा आधार घ्यावा लागतो, त्यानं काय करावं?

सोल्बाकनं ओस्लोहून दुसरा माणूस बोलावला, वारा तपासायला. तो काल आला. तो आला आणि वारा पडला! फुगा शहाण्या लेकरासारखा सरळ वर. आता बोल. मी खुर्ची त्याला दिली. तो आधी आठवडाभर नुसते फुगे सोडून वारा जोखणार, तोवर उड्डाण नाही. मी कॉफी करते.

मला तुझा राग आलाय, इल्वा. खोटं सांगायचं नाही. फार राग आलाय.

योरुन

स्टॉकहोम, ३ मार्च

मावशी,

क्षमा माग म्हणून कुणी सांगायला नको. पण क्षमा हा शब्दही दोन्ही भाषांत सारखाच असेल ना, अशी आता भीती वाटते. मी चुकले. माझ्या पोरकटपणापायी तुझी खुर्ची गेली.

काल प्रोफेसरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. तुझ्याकडे खोटा वारा मागितला, सोल्बाकसाहेबांना पत्र लिहिलं, तू नाही म्हणालीस, वारा खरा होता. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "खऱ्या गोष्टीसाठी तुला खोटा वारा लागला?" मोहिमेतून मला काढलंय. तळावर यायची परवानगी नाही, इथलं सूक्ष्मदर्शकाचं काम तेवढं माझ्याकडे राहिलंय.

पण मग त्यांनीच विचारलं, "ते टोक तयार आहे का?" मी म्हटलं, आज मिळालं. म्हणाले, "बसवा. रॉकेटच्या पुढच्या टोपीच्या जागी ते बसतं, वजनही तेवढंच आहे. जुनी जाळी मात्र आहे तिथेच राहील. तुझीही जाळी कोरी आली की तू एकदाची गप्प बसशील." त्यांची एकच अट आहे. टोकात दोन जाळ्या असतील. एक वर उघडेल. दुसरी पहिल्यापासून शेवटपर्यंत बंद. उघडीवर ठिपके आणि बंद जाळी कोरी असली तरच ते वरचे. दोन्हींवर ठिपके असले तर ती आपल्याच हातची घाण. अट रास्त आहे. मी असते तर मीही घातली असती.

टोक सोबतच्या डब्यात आहे, मोहरबंद. प्रोफेसरांचं पत्र सोल्बाकसाहेबांना वेगळं गेलंय. मोहर फोडू नकोस, घरी ठेवू नकोस, थेट सोल्बाकसाहेबांच्या हातात दे. चार लोकांसमोर दे.

पंधरा मार्चला उड्डाणाची मुदत संपते ना?

इल्वा

ह्वालनेस, १२ मार्च

इल्वा,

गेलं. रॉकेट गेलं आणि परतही आलं. आता क्रमानं सांगते.

डबा बोटीतून उतरला तो मी धक्क्यावरच घेतला आणि तशीच तळावर चालत गेले. जेवणाच्या खोलीत सगळे बसले होते. मी डबा सोल्बाकच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, "भाचीनं पाठवलाय. मोहर बघून घ्या, आणि मी ती फोडली नाही हेही लिहून घ्या." सोल्बाकनं प्रोफेसरांचं पत्र खिशातून काढलं, परत वाचलं, आणि टोक बसवायला पाठवलं.

मग दोन दिवस ढग, बर्फ. मुदत सरत चालली. ओस्लोवाला माणूस कामाला वाईट नाही, पण आमच्या डोंगराला नवा. डोंगराच्या पाठीमागून वारा कसा वळसा घालून येतो ते त्याच्या लक्षात येईना. मला दिसत होतं. मी कपबश्या विसळत होते आणि माझी जीभ दातांमध्ये धरून ठेवली होती. मी "थांबा" म्हटलं तर भाचीसाठी, "सोडा" म्हटलं तरी भाचीसाठी. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाला आता काही अर्थच उरला नव्हता.

काल सकाळी आभाळ उघडलं. त्यानं फुगे सोडले, आकडे मांडले, डोकं खाजवलं. मग तो स्वतःच उठून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "बाई, हा तिसऱ्या फुग्याचा वळसा खरा का माझी चूक?" मी म्हटलं, "खरा आहे. डोंगरामुळे. तो दुपारपर्यंत राहत नाही. दुपारी परत सोडा." त्यानं कुणाला सांगितलं नाही की मी सांगितलं, मीही नाही. दुपारी फुगा सरळ गेला आणि त्यानं "सोडा" म्हटलं.

मी आत थांबले नाही. बाहेर शेडपाशी उभी राहिले. गडगडाट झाला, ज्वाळा आभाळात गेली आणि मग काही नाही. आता वर तुझ्या जाळीपुढे हवा दाटली असेल, कडेनं पळत असेल, असं मनात येत होतं. मी पहिल्यांदा त्या हवेचा विचार केला जी मला मोजता येत नाही.

पॅराशूटखाली ते पडलं आणि उचलायला जवळची बोट पेडर-आंतोनचीच होती. त्यानं आणून दिलं, मोहरा शाबूत होत्या. मला म्हणाला नाही काही. टोपीसुद्धा काढली नाही. जाळ्यांची गठडी तुमच्याकडे विमानानं गेलीय.

आता तू कळव. जे असेल ते.

योरुन मावशी

स्टॉकहोम, २ एप्रिल

मावशी,

जे असेल ते म्हणालीस, म्हणून लिहिते.

कपाळावरची जुनी जाळी आधी बघितली. कोरी. मग टोकाची उघडी जाळी. मावशी, तिच्यावर ठिपके होते! बारीक, काळे, एकमेकांपासून दूर, जसे मला स्वप्नात दिसायचे तसे. मी खोलीत एकटी होते आणि किंचाळले. पहारेकरी धावत आला, त्याला मी मिठीच मारली. त्याला वाटलं, बाईला वेड लागलं.

मग बंद जाळी काढली. ती न बघता ठेवून द्यावी असं क्षणभर वाटलं, एवढं मला तुझ्याशी कबूल करायचंय. बघितली. तिच्यावरही ठिपके. तसेच, तेवढेच.

म्हणजे ते वरून आलेले नव्हते. इथलेच. वर्कशॉपची काजळी असेल, डागकामाचा धूर असेल, देव जाणे. टोक आम्ही धुतलं होतं, पण धुणं पुरलं नाही.

प्रोफेसर उप्सालाला गेले होते. कपाटात कोऱ्या जाळ्यांचं खोकं होतं. बंद जाळी काढून त्या जागी एक कोरी ठेवली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. हेडलुंडना नाही, तुला नाही. धूर वर आहे, मला अजून खात्री आहे. खऱ्या गोष्टीसाठी एक छोटं खोटं. मी खोकं उघडलं, मावशी. उघडलं आणि हातात घेऊन बसले, आणि मला तू दिसलीस, कपबश्या विसळताना. खोकं बंद केलं. संध्याकाळी प्रोफेसर आले, त्यांना दोन्ही जाळ्या दाखवल्या. म्हटलं, "माझं टोक मळलेलं होतं. यातून काहीच सिद्ध होत नाही."

त्यांनी दोन्ही स्वतः बघितल्या. मग म्हणाले, "ते हवेचं गणित परत आण." मी आणलं. ते तीन दिवस त्यांच्याकडे होतं. काल लेखाचा कच्चा खर्डा माझ्या टेबलावर ठेवला. "वर धूर नाही" हे वाक्य खोडलंय. त्याजागी लिहिलंय, "आमच्या जाळीत धूर आला नाही, इतके बारीक कण जाळीपर्यंत पोचू शकतात का, हेच आधी तपासायला हवं." खाली माझं नाव, गणितासाठी.

रॉकेट आता नाही. निदान काही वर्षं तरी नाही. प्रबंध लांबला. पण प्रश्न मिटलेला नाही, मावशी. दार उघडं राहिलंय. मी हरले, आणि तरीही मला आज झोप लागेल असं वाटतंय.

इल्वा

ह्वालनेस, ९ एप्रिल

माझी इल्वा,

कॉडचा हंगाम संपला. धक्का धुऊन काढलाय, गावाला परत माणसांचा वास येतोय.

तुझं पत्र दुकानाच्या पायरीवर बसून वाचत होते. पेडर-आंतोन आला, उभा राहिला. तो माझ्याशी महिनाभर बोलला नव्हता. त्याला गप्प राहणं जमत नाही, माहीत आहे तुला. म्हणाला, "ते मी पाण्यातून उचललं, त्यात काय निघालं? पोरीनं एवढा गोंधळ घातला, काहीतरी निघालं असेलच."

मी म्हटलं, "काही नाही निघालं."

"काहीच नाही?"

"काळे ठिपके निघाले. पण ते तिच्याच वर्कशॉपचे होते. झाकून टाकता आले असते. तिनं स्वतः जाऊन सांगितलं की माझंच टोक मळलेलं होतं."

तो खाली बसला. पायरीवर, माझ्या शेजारी. चिलीम काढली, भरली नाही. मग म्हणाला, "कुणी बघत नव्हतं आणि तरी सांगितलं?"

म्हटलं, "हो."

"घरचीच सवय म्हणायची." मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे तेव्हा वर वारा होता, योरुन."

मी म्हटलं, "होता." एवढंच म्हणता आलं. तो गेला, आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले, इल्वा, लहान पोरीसारखी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

तुझी मावशी